किती उशीर चालेल?

जळगावहून मुंबई रेल्वेनं ४२० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जळगावात निघालेला संदेश मुंबईत पोचायला दोन मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ पुरे. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत यंत्रं लागतात, म्हणून हा आकडा चौपट धरला तरी तो दहा मिलिसेकंदांच्या आत राहतो. असं असताना शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात बसलेल्या बाईंचं उत्तर मुंबईच्या डॉक्टरांना दोन सेकंदांनी ऐकू येतं. तोवर डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारलेला असतो. मग दोघंही एकदम थांबतात, एकदम बोलू लागतात आणि पुन्हा थांबतात. हे दोन सेकंद गेले कुठे? थेट व्हिडिओचं ॲप करून घेऊ पाहणाऱ्या संस्थेनं, मग तो दवाखाना असो, महाविद्यालय असो की शेतमालाची पेढी, डेव्हलपरला पहिल्याच बैठकीत हे विचारावं. पुढचं पुस्तक सॉफ्टवेअरच्या बाजूनं लिहिलेलं आहे. मी ही प्रस्तावना ॲप करून घेणाऱ्याच्या, म्हणजे पैसे देणाऱ्याच्या आणि नंतर ते वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहितो आहे.

तो वेळ अंतरानं खाल्लेला नसतो, ठिकठिकाणी थांबण्यानं खाल्लेला असतो. कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र आधी आवळून लहान करावं लागतं, आणि स्वस्त फोनला त्यासाठी धाप लागते. मग ते पाकिटांत तुटून टॉवरपाशी रांगेत उभं राहतं. गाव शेतातून परतून हातपाय धुऊन फोन घेऊन बसतं, त्या संध्याकाळच्या वेळी ही रांग सगळ्यांत लांब असते. पुढे सर्व्हर. मुंबईत ॲमेझॉनची क्लाउड केंद्रं २०१६पासून आहेत. पण डेव्हलपरनं चाचणीपुरतं सिंगापूर निवडलं आणि नंतर तेच राहून गेलं, तर प्रत्येक फेरीला पन्नास-साठ मिलिसेकंद वाढतात. अमेरिकेचा पूर्व किनारा राहून गेला, तर दोनशेच्या आसपास. हे कुणी मुद्दाम करत नाही, पण कुणी विचारतही नाही. शेवटी पलीकडच्या फोनात उलटसुलट आलेली पाकिटं क्रमानं लावायला एक साठा असतो, त्याला जिटर बफर म्हणतात. कालव्याचं पाणी कधी धो धो येतं, कधी येतच नाही. शेततळं असलं की ठिबकला मात्र एकसारखी धार मिळते. बफरचं काम तेच. तळं जितकं मोठं तितकी धार तुटायची भीती कमी, पण ते भरेपर्यंत वाट पाहायची तयारी हवी.

‘चित्र अडकतंय’ अशी तक्रार आली की नवखा डेव्हलपर हा बफर वाढवतो. चित्र सुरळीत होतं, तक्रार थांबते, आणि संभाषणाचा जीव गेलेला असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ नावाची शिफारस आहे. तिच्यानुसार एका बाजूचा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत असला, तर बहुतेक बोलणाऱ्यांना तो जाणवत नाही. चारशेच्या पुढे गेलेलं जाळं नियोजनातच बाद समजावं. दीडशे ते चारशेच्या मधल्या पट्ट्यात निभावून न्यायचं असतं, आणि आपल्याकडचं बरंचसं काम त्याच पट्ट्यात चालतं.

पण हा नियम फक्त दोघांच्या बोलण्याला लागू आहे. म्हणूनच मला नियोजनातला पहिला प्रश्न चित्राच्या स्पष्टतेचा वाटत नाही. या कामाला किती उशीर चालेल, हा तो प्रश्न, आणि त्याचं उत्तर डेव्हलपरकडे नसतं. ते काम रोज करणाऱ्याकडे असतं.

मुक्ताईनगरहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. पुण्यात किंवा सुरतेत बसलेल्या लेकीसुनांना ते प्रस्थान फोनवर पाहायचं असतं. अमळनेरला फेब्रुवारी २०२४मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं; अशा सोहळ्यातलं भाषण घरी बसून ऐकणाराही याच जातीचा. इथे वीस-तीस सेकंदांचा उशीर झाला तर कुणाचं काहीही बिघडत नाही. ॲपलनं २००९मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत यासाठीच चांगली. ती चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करते, ते साध्या वेब सर्व्हरवरून वाटते, आणि हजारो लोक एकदम आले तरी ती डगमगत नाही. उशीर स्वीकारला की खर्च एकदम खाली येतो. तरी अशा कार्यक्रमांसाठी ‘अगदी झिरो लेटन्सी हवी’ असा आग्रह धरणारे आयोजक भेटतात. मंडपातल्या एखाद्या पाहुण्यानं फोन करून मुंबईच्या मावशीला ‘लागलं लग्न’ असं सांगितलं आणि मावशीच्या पडद्यावर अजून मंगलाष्टकंच चालू होती, एवढ्यावरून हा आग्रह जन्माला येतो. त्यासाठी दहापट खर्च करावा असं मला वाटत नाही.

केळीचं गणित आणखी वेगळं. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातला माल उत्तर भारतात जातो, आणि जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दिल्लीच्या व्यापाऱ्याला बागेतला घड पाहायचा असतो: फण्या किती, साल कशी, डाग आहेत का. शेतकऱ्याला सीएमव्ही या विषाणूनं पिवळ्या रेघा पडलेलं पान तज्ज्ञाला दाखवायचं असतं. ‘लाइव्ह व्हिडिओ ॲप करू’ असं दोघांनाही सुचतं. पण थेट व्हिडिओ गमावतो तो नेमका बारीक तपशील. कमी बँडविड्थमध्ये चित्र आवळताना पानावरच्या सूक्ष्म रेघाच आधी पुसल्या जातात. त्या शेतकऱ्याला चांगल्या उजेडात काढलेले तीन स्वच्छ फोटो आणि त्यानंतर पाच मिनिटांचा साधा फोन जास्त उपयोगी पडेल. कसलेला डेव्हलपर कोणता हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. ‘इथे थेट व्हिडिओ लागतच नाही’ असं तो कधी म्हणतो का, ते पाहा. स्वतःचं काम कमी करून दाखवणारा माणूस विश्वासाचा.

आता न्यायालय. सर्वोच्च न्यायालयानं २००३मध्ये ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात ठरवलं, की अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं नोंदवता येईल. साक्षीच्या वेळी आरोपीची उपस्थिती हवी असं तेव्हा लागू असलेली फौजदारी प्रक्रिया संहिता म्हणत होती; शरीरानं त्याच खोलीत असणं एवढाच त्या उपस्थितीचा अर्थ होत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. त्या काळी यासाठी विदेश संचार निगमच्या यंत्रणेचा आधार घ्यावा लागत होता. पुढे ६ एप्रिल २०२०ला, टाळेबंदीत, त्याच न्यायालयानं देशभरच्या न्यायालयांना व्हिडिओवर काम चालवण्याचे निर्देश दिले, आणि जळगाव-धुळ्याच्या वकिलांनाही पडद्यासमोर बसायची सवय करून घ्यावी लागली. उलटतपासणीचा विचार करा. वकील प्रश्न विचारतो आणि साक्षीदार क्षणभर अडखळतो. ते अडखळणं न्यायाधीश पाहत असतात, त्याची मनात नोंद होते. जाळ्यानं एक सेकंद खाल्ला तर खरं बोलणारा साक्षीदारही अडखळल्यासारखा दिसतो, आणि बनाव करणाऱ्याला विचार करायला एक सेकंद फुकट मिळतो. इथे चित्र जरा धूसर चालेल, उशीर चालणार नाही. आणि तो टाळता येत नसेल, तर निदान न्यायाधीशांच्या पडद्यावर ‘आत्ता जाळं संथ आहे’ असं ठळक दिसलं पाहिजे. एवढी साधी खूण कोणत्याही तयार ॲपमध्ये न्यायाधीशाच्या गरजेनं ठेवलेली मी पाहिलेली नाही. कारण ते ॲप कंपन्यांच्या बैठकांसाठी बनलेलं असतं, आणि बैठकीत कुणी अडखळलं तर कुणाला शिक्षा होत नाही.

दवाखान्याचं काम केळी आणि न्यायालय या दोन्हींच्या मधलं. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही दूरवैद्यक सेवा सी-डॅकच्या मोहाली केंद्रानं घडवली. नोव्हेंबर २०१९मध्ये तिची सुरुवात झाली, एप्रिल २०२०मध्ये रुग्णाला घरून थेट डॉक्टरांशी बोलता येईल असा तिचा भाग आला, आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत सल्ल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. तिची रचना शिकण्यासारखी आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसलेला असतो आणि पलीकडे डॉक्टर. म्हणजे कॅमेरा कुठे धरायचा, नाडी किती, ताप किती, हे सांगणारा जाणता माणूस इकडे हजर असतो. ‘आयकू येस का?’ असं आजीला तिच्या अहिराणीत विचारणाराही तोच. यंत्रणा टिकते ती बऱ्याच अंशी या माणसामुळे. नियोजनाच्या कागदावर मात्र सर्व्हरला चार पानं मिळतात आणि या माणसाला एक ओळ.

हे सगळं सामान्य डेव्हलपरच्या आवाक्यात आलं, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. आधी ब्राउझरमध्ये बोलायचं तर वेगळी प्लगइन टाकावी लागत. आवाज-चित्राचं तंत्र जाणणारी ग्लोबल आयपी सोल्यूशन्स ही कंपनी गूगलनं २०१०मध्ये विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी ते काम वेबआरटीसी या नावानं सर्वांसाठी खुलं केलं. आवाजासाठीचं ऑपस हे कोडेक २०१२मध्ये प्रमाण झालं. वेबआरटीसीला अंतिम मान्यता मिळाली जानेवारी २०२१मध्ये, म्हणजे सगळं जग त्यावर वर्षभर शाळा, लग्नं आणि शोकसभा उरकून मोकळं झाल्यावर. आज दोन ब्राउझरांत गप्पा सुरू करायला शे-दोनशे ओळींचा कोड पुरतो. जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ते सहज करतात. फसगत इथेच होते. प्रात्यक्षिक छान चालतं, संस्थाचालक खूश होतात, आणि तेच ॲप साठ जणांच्या वर्गावर सोडलं जातं.

दोघांच्या बोलण्यात प्रत्येक जण आपलं चित्र एकदाच पाठवतो. बारा जण थेट एकमेकांना जोडले, तर प्रत्येकाला आपलं चित्र अकरा वेळा पाठवावं लागतं आणि एकूण प्रवाह होतात १३२. साध्या मोबाइल डेटावर याचा बोजवारा उडायला दोन मिनिटं लागतात. म्हणून मधे एसएफयू नावाचा सर्व्हर ठेवतात. प्रत्येकानं एकदाच पाठवायचं, पुढचं वाटप तो करतो. कुशल डेव्हलपर त्याच्या जोडीला फोनकडून एकच चित्र लहान, मध्यम आणि मोठं अशा तीन आकारांत पाठवून घेतो, म्हणजे धुळे शहरात फायबरवर बसलेल्या मुलाला मोठं चित्र मिळतं आणि साक्री तालुक्याच्या टोकाला बसलेल्या मुलीला लहान. सगळ्यांना तिच्यासारखं लहान चित्र देणं हा अन्याय नाही, आळस आहे. आणि सगळ्यांना मोठं देऊन तिला बाहेर टाकणं हा मात्र अन्यायच.

पैशांचा हिशेबही विद्यार्थ्याच्या खिशातून मांडला पाहिजे. ७२०पी चित्राला सेकंदाला दीड मेगाबिट धरले तर तासाला ६७५ एमबी जातात, दोन तासांत १,३५० एमबी. रोज दीड जीबी मिळणाऱ्या रिचार्जवर दोन तास झाले की दिवस संपला, आणि घरात फोन एकच असेल तर धाकट्या भावाचा वर्ग बुडाला. ३६०पीला अर्धा मेगाबिट पुरतो, म्हणजे तासाला २२५ एमबी. नुसता ऑपसचा आवाज ३२ किलोबिटनं तासभर चालवला तर पंधरा एमबीसुद्धा लागत नाहीत. म्हणून करारात एक वाक्य लिहूनच घ्यावं: जाळं ढासळलं की आधी चित्र लहान होईल, मग चित्र थांबेल, आवाज सगळ्यांत शेवटी जाईल. फळ्यावरचं गणित दिसलं नाही तरी सर बोलत राहिले तर मुलं वहीत लिहीत राहतात. चित्र हलतंय आणि आवाज गेला, तर वर्ग संपला.

खानदेशात काही गोष्टी अशा आहेत, ज्या पुण्या-बंगळुरूच्या कचेरीत बसून सुचत नाहीत. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत चार्जरला लावलेला फोन व्हिडिओ पाठवू लागला की तापतो, आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि चित्र अडखळू लागतं. सगळे जाळ्याला शिव्या देतात, जाळं निर्दोष असतं. ही चूक वातानुकूलित खोलीतल्या चाचणीत कधीच सापडत नाही. त्यासाठी मे महिन्याच्या दुपारी, आठ-दहा हजारांच्या फोनवर, सलग एक तास ॲप चालवून पाहायला हवं. वीज गेली की दवाखान्याचे दिवे इन्व्हर्टरवर चालू राहतात, पण राउटरची पिन त्या सॉकेटला लावलेली नसते. रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात केबलला लागतो आणि दिवसभर फायबर बंद. म्हणून मोबाइल डेटावर आपोआप उडी मारण्याची सोय हवी, तीही चालू संभाषण न तोडता. सातपुड्यात, पालकडे किंवा तोरणमाळकडे, एका वळणावर चार काड्या आणि पुढच्या वळणावर एकही नाही अशी गत. तिथे थेट व्हिडिओचा हट्ट सोडून निरोप रेकॉर्ड करून ठेवणं आणि सिग्नल मिळाल्यावर पाठवणं हाच शहाणपणा.

सरकारी कचेऱ्या आणि महाविद्यालयांच्या फायरवॉलबद्दल पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, ते चुकवू नका. थेट व्हिडिओला यूडीपी नावाची वाट आवडते आणि फायरवॉल नेमकी तीच बंद ठेवते. तेव्हा टर्न सर्व्हरमार्फत, नेहमीच्या वेबसाइटच्या वाटेनं वळसा घालून जावं लागतं. या वळशाचं बिल वेगळं येतं, आणि अंदाजपत्रकात ते बहुधा नसतं.

‘एवढा जाणकार डेव्हलपर जळगाव-धुळ्यात कुठून आणायचा?’ असं मला नेहमी विचारलं जातं. ऑगस्ट २०२०मध्ये केंद्र सरकारनं स्वदेशी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगसाठी घेतलेली स्पर्धा जिंकली ती टेकजेन्शिया या केरळच्या आलप्पुळा जिल्ह्यातल्या छोट्या कंपनीनं. तिच्या व्हीकॉन्सोलला एक कोटी रुपयांचं बक्षीस मिळालं. आलप्पुळा काही महानगर नव्हे. आणि आपल्याकडे सांगायचं तर विप्रोची सुरुवात १९४५मध्ये अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो, पण त्या कंपनीचं सॉफ्टवेअर अमळनेरात घडलं नाही, हे सांगायचं टाळतो. खानदेशची मुलं हिंजवडीत याच प्रकारची कामं करतात, आणि टाळेबंदीत त्यांतली कितीतरी जण गावच्या घरी, गच्चीवर सिग्नल शोधत तीच कामं करत होती. तेव्हा माणसं आहेत. त्यांना बोलावताना ‘झूमसारखं करून द्या’ एवढ्या एका ओळीचं मागणीपत्र देऊ नये, इतकंच. कोण कुणाशी बोलणार, एका वेळी किती जण, कुठल्या फोनवर, कुठल्या गावातून, आणि किती उशीर चालेल: ही दोन पानं संस्थेनं स्वतः लिहावीत. मग तज्ज्ञाचे तीन दिवस पुरतात. ती पानं नसतील तर त्याचे तीन महिनेही वाया जातात.

सुधारणेचा भाग पुस्तकात सविस्तर आहे, मी एकच भर घालतो. वेबआरटीसी प्रत्येक संभाषणात किती पाकिटं हरवली, फेरीला किती वेळ लागला, चित्र किती वेळा गोठलं, हे आकडे आपणहून देतं. ते साठवून दर महिन्याला पाहावेत, पण सरासरी पाहू नये. जळगाव शहरातले शंभर चांगले कॉल चोपड्याच्या डोंगराळ भागातले पाच वाईट कॉल गिळून टाकतात आणि अहवाल हिरवागार दिसतो. सगळ्यांत वाईट पाच टक्के वेगळे काढा, ते कुठल्या गावचे आणि कुठल्या वेळचे ते पाहा. २०१६च्या सुमारास धुळे जिल्ह्यात लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोठी मोहीम झाली. लोकांनी पैसे दिले, पडदे आले. अशा कामात उद्घाटनाचा दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो. वीजबिल कोण भरतं, बिघडलेला प्रोजेक्टर कोण दुरुस्त करतं, याची नोंद मात्र फार थोडे ठेवतात. ॲपच्या अंदाजपत्रकातही पहिल्या वर्षाच्या देखभालीला बांधणीच्या खर्चापासून वेगळी रक्कम हवी. शिवाय कोड, सर्व्हरचं खातं आणि डोमेन संस्थेच्याच नावावर हवं. डेव्हलपर बदलला तर या तीन गोष्टी हातात असलेली संस्था तरते.

एका बाबतीत माझं पुस्तकाशी पटत नाही. प्रत्येक संभाषणाचं रेकॉर्डिंग आपोआप सुरू ठेवावं, म्हणजे गुणवत्ता तपासता येते आणि वाद झाला तर पुरावा राहतो, असं त्यात सुचवलं आहे. वर्गासाठी ते ठीक आहे, कारण बुडालेला तास मुलांना पुन्हा पाहता येतो. दवाखान्यासाठी मला ते मान्य नाही. मार्च २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सल्ल्याची आणि औषधांची नोंद ठेवावी लागते, आणि ती लेखी पुरते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं संमतीला वजन दिलं आहे, पण उपकेंद्रात आलेली बाई ‘मी सहमत आहे’ या छापील ओळीखाली अंगठा टेकवते त्याला मी संमती म्हणणार नाही. गुणवत्ता तपासायला वर सांगितलेले आकडे पुरतात, चेहरे साठवायची गरज नाही. कधी रेकॉर्डिंग लागलंच, तर ते सुरू करायचं बटण डॉक्टरांच्या पडद्यावर नको, उपकेंद्रातल्या पडद्यावर हवं. आणि त्याआधी विचारायचा प्रश्न लेखी नको, तिला वाचता येत असो वा नसो, तो मराठी, अहिराणी आणि पावरीत बोलून विचारलेला हवा. ‘नको’ म्हटल्यावरही डॉक्टरांशी बोलणं तसंच चालू राहिलं पाहिजे.